व्हॉल्व्ह उघडाच का राहतो: वाफेच्या लाइनवरील लॅगिंगची पार्श्वभूमी

७ बार दाबाची वाफ वाहणारी लाइन १७० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेली असते. १०० मिलिमीटरच्या अशा लाइनवरचा एक उघडा व्हॉल्व्ह ढोबळमानाने त्याच मापाच्या एक मीटर उघड्या पाइपाइतकी उष्णता हवेत सोडतो, म्हणजे ८०० वॅटच्या आसपास. लाइन वर्षाला ८,००० तास चालली तर त्या एका व्हॉल्व्हपायी सुमारे ११ टन वाफ जाते. तरीही अनेक बॉयलर हाउसांत सरळ पाइप चकचकीत ॲल्युमिनियमच्या क्लॅडिंगखाली (बाहेरच्या पत्र्याखाली) असतात आणि व्हॉल्व्ह, फ्लँज (पाइप बोल्टने जोडायची चकती), स्ट्रेनर (गाळणी) मात्र उघडे. हा निव्वळ आजचा हलगर्जीपणा नव्हे. त्यामागे मोठा इतिहास आहे.

लॅगिंगची, म्हणजे उष्णता रोखण्यासाठी वेष्टण घालण्याची, विद्या वाफेच्या इंजिनाइतकीच जुनी. जेम्स वॉटने १७६९च्या पेटंटमध्येच सिलिंडर वाफेइतका गरम ठेवण्यासाठी त्याला लाकडाचे किंवा उष्णता सावकाश वाहून नेणाऱ्या पदार्थाचे वेष्टण घालावे, असे लिहिले आहे. लाकडी पट्ट्या आणि केसांचे नमदे पुढे बराच काळ चालले. पण वाफेचा दाब आणि तापमान चढत गेले तसे ते करपू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ८५ टक्के मॅग्नेशियम कार्बोनेट आणि उरलेला ॲस्बेस्टॉस या न जळणाऱ्या खनिजाचा तंतू असे मिश्रण बाजारात आले. त्याचे अर्धगोल साचे सरळ पाइपावर नीट बसत.

व्हॉल्व्हवर साचा बसत नाही. बॉनेट (वरचे झाकण), ग्लँड (दांड्याभोवतीची गळतीरोधक बांधणी), बोल्ट, हँडव्हील असे सगळे कोपरे आणि फुगवटे. तिथे दोन वाटा होत्या. पहिली लेपाची: पोत्यातली पूड पिंपात पाण्याने कालवायची आणि गरम धातूवर थरावर थर थापायचे, खालचा सुकला की वरचा. लेप घट्ट बसे, पण ग्लँड बदलायची वेळ आली की हातोडीने फोडावा लागे. पूड कालवताना आणि लेप फोडताना धूळ उडे, आणि ती सर्वांत आधी लॅगिंग करणाऱ्याच्याच छातीत जाई.

दुसरी वाट गादीची. ॲस्बेस्टॉसच्या कापडाची पिशवी शिवायची, आत तंतू भरायचा, मधे टाके घालायचे आणि हुकांना तार ओवून ती व्हॉल्व्हभोवती आवळायची. युद्धनौकांवर तिचा मोठा वापर झाला, कारण अरुंद इंजिनरूममध्ये उघडा व्हॉल्व्ह माणसाला भाजतो आणि समुद्रात दुरुस्ती करायची तर वेष्टण काढून पुन्हा लावता आले पाहिजे. रचना म्हणून ही गादी उत्तमच होती. घात केला तो आतल्या मालाने.

तो घात मान्य व्हायला फार उशीर झाला. १९४६ साली अमेरिकेतील नौदलाची जहाजे बांधणाऱ्या गोद्यांमधल्या १,०७४ पाइप-लॅगिंग कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत ॲस्बेस्टोसिसचे (ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचे) फक्त तीन रुग्ण सापडले आणि हे काम धोक्याचे नाही, असा निष्कर्ष निघाला. पण बहुतेक कामगार या धंद्यात दहा वर्षांहून कमी काळ होते, आणि हा रोग वीस-वीस वर्षे दबा धरतो. सापडलेले तिघेही वीस वर्षांहून जुने कामगार होते. १९६४मध्ये डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी न्यूयॉर्क परिसरातील इन्सुलेशन कामगारांचे आकडे मांडले, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण लपवण्यासारखे उरले नाही. ब्रिटनने निळ्या व तपकिरी जातीच्या ॲस्बेस्टॉसवर १९८५मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९मध्ये बंदी घातली. भारतात पांढऱ्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. म्हणून जुन्या कारखान्यातला पांढरा, टणक लेप नमुना तपासल्याशिवाय फोडू नये.

ॲस्बेस्टॉस गेले तेव्हा सरळ पाइपासाठी रॉकवूल, ग्लासवूल (दगडाची व काचेची लोकर) आणि कॅल्शियम सिलिकेट तयारच होते. व्हॉल्व्हच्या वाट्याला आला पत्र्याचा दोन भागांचा डबा: आत लोकर, बाहेर क्लिपा. कागदावर तो ठीक, पण प्रत्यक्षात त्यावर पाय पडतो, पत्रा चेपतो, सांध्यातून पाणी आत शिरते. शिवाय वेगळ्या बनावटीचा व्हॉल्व्ह बसवला की डबा जुळत नाही. साखर कारखान्याचेच घ्या. गळीत हंगाम संपला की व्हॉल्व्ह उघडून तपासले जातात. तेव्हा उतरवलेला डबा परत चढला नाही, तर पुढचा सगळा हंगाम व्हॉल्व्ह उघडा चालतो.

१९७३च्या तेलसंकटानंतर इंधनाचा हिशेब काटेकोर झाला आणि तीच जुनी गादी नव्या कापडात, जॅकेट म्हणून परतली. आतून काचतंतूचे कापड, मधे काचतंतूची २५ ते ५० मिलिमीटरची नीडल मॅट (सुयांनी टोचून घट्ट केलेला तंतूंचा थर), बाहेर सिलिकॉनचा लेप दिलेले कापड. बाहेरचे कापड साधारण २५० अंशांपर्यंतच टिकते, म्हणून बाजू उलटी लावून चालत नाही. पॉलिएस्टरचा दोरा गरम बाजूला जळतो आणि शिवण उसवते. तिथे स्टीलची तार ओवलेला दोराच हवा. मधले टाके टाळले तर मॅट खाली घसरते आणि वरच्या बाजूला नुसती दोन कापडे उरतात. तळाशी एक आयलेट (धातूची कडी लावलेले भोक) हवे, म्हणजे ग्लँड गळली तर पाणी तिथून दिसेल. ते आत कोंडले तर लोखंड गंजते, आणि १७५ अंशांपर्यंतचे कार्बन स्टील या गंजाच्या टप्प्यात येते.

अर्धे अपयश शेजारच्या पाइपावर ठरते. पाइपाचे लॅगिंग फ्लँजपासून बोल्टची लांबी अधिक २५ मिलिमीटर एवढ्या अंतरावर थांबायला हवे. ते फ्लँजला भिडवले तर बोल्ट काढताना फिटर ते फोडतो आणि तिथूनच पाणी शिरते. मधली मोकळी जागा जॅकेट झाकते. त्यासाठी ते दोन्हीकडच्या लॅगिंगवर निदान ५० मिलिमीटर चढलेले असावे.

काही ठिकाणे मात्र उघडीच ठेवायची. वाफेचे झालेले पाणी (कंडेन्सेट) बाहेर सोडणारा थर्मोस्टॅटिक स्टीम ट्रॅप थंड झाला तरच उघडतो. त्याला झाकले तर कंडेन्सेट मागे साचते. सेफ्टी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचे बॉनेट झाकू नये. थर्मिक फ्लुइडच्या (उष्णता वाहणाऱ्या तेलाच्या) फ्लँजवर लोकरीचे जॅकेट तर नकोच: गळलेले तेल लोकरीत पसरते, हवेशी संयोग होऊन आतल्या आत तापते आणि ठिणगीशिवाय धुमसू लागते. तिथे फ्लँज उघडा ठेवून नुसता पत्र्याचा आडोसा करतात, किंवा तेल न शोषणारी फोमग्लास (फेसाळ काच) वापरतात.