दोन मीटरची खोळ, पन्नास मीटरचं वजन

तोक्योतली जपानी संसदेची इमारत मधल्या मनोऱ्यासकट सुमारे ६५ मीटर उंच आहे. १९५४ साली पडद्यावर तिची नासधूस करणारा गोजिरा, म्हणजे आपण ज्याला गॉडझिला म्हणतो तो, होता ५० मीटरचा. राक्षसच इमारतीपेक्षा बुटका! त्या चित्रपटासाठी तोक्यो शहर १:२५ या प्रमाणात बांधलं होतं आणि राक्षसाची खोळ दोन मीटरची होती. दोन पंचवीसे पन्नास, हिशोब चोख. पण त्याच प्रमाणात संसद उभी केली असती तर ती २.६ मीटरची झाली असती आणि खोळीतल्या माणसाला मान वर करून तिच्याकडे बघावं लागलं असतं. मग एकट्या संसदेपुरतं प्रमाण बदललं आणि १:३३ केलं. आता तीही दोन मीटरची. प्रेक्षागृहात कुणी फूटपट्टी घेऊन बसत नाही, हे चित्रपटाची अशी सगळी युक्तीची दृश्यं घडवणाऱ्या एइजी त्सुबुराया यांना पक्कं माहीत होतं.

फूटपट्टी नसली तरी प्रेक्षकाच्या डोळ्यांत घड्याळ मात्र असतं, हेही त्यांना माहीत होतं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचं मर्म तिथेच आहे.

त्सुबुराया जन्मले १९०१ मध्ये, फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावा गावी. पोराला वेड विमानांचं. १९१६ साली हानेदाला (आज जिथे तोक्योचा मोठा विमानतळ आहे तिथे) नवीन निघालेल्या उड्डाणशाळेत त्यांनी नाव घातलं. पुढच्याच वर्षी शाळेचा संस्थापक सेइतारो तामाई विमान कोसळून मरण पावला आणि शाळा बंद पडली. वैमानिक होणं राहिलं ते राहिलंच. मग विद्युतशास्त्राचं शिक्षण, एका खेळण्यांच्या कारखान्यात नोकरी, आणि १९१९ च्या सुमारास कॅमेरामनचा मदतनीस म्हणून चित्रपटांच्या धंद्यात शिरकाव. विमानं, वीज आणि खेळणी, या तिन्ही गोष्टी पुढे कामाला आल्या.

१९३३ साली त्यांनी 'किंग काँग' पाहिला आणि ते अक्षरशः झपाटले. फिल्मची प्रत मिळवून एकेक चौकट तपासत बसले. त्यातला वानर म्हणजे हातभर उंचीची बाहुली. तिला केसभर हलवायचं, एक चौकट टिपायची, पुन्हा केसभर हलवायचं. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी हा उद्योग चोवीस वेळा! त्सुबुरायांनाही असंच काही करायचं होतं. पण १९५४ मध्ये गोजिराचं काम आलं तेव्हा हातात होते मोजके महिने. बाहुली हलवत बसलो तर सात वर्षं लागतील, असं त्यांनी सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. तेव्हा नाइलाज म्हणून माणसालाच रबरी खोळ घालून उभं केलं. या नाइलाजातून पुढे 'तोकुसात्सु' नावाची अख्खी जपानी चित्रणपरंपरा उभी राहिली.

पण खोळीतला माणूस माणसासारखाच चालतो. तो पन्नास मीटरचा कसा वाटावा?

इथे गुरुत्वाकर्षण आड येतं. पन्नास मीटरवरून दगड सोडला तर जमिनीवर पोचायला त्याला जवळपास ३.२ सेकंद लागतात. दोन मीटरवरून सोडला तर ०.६४ सेकंद. उंची पंचवीस पट, वेळ मात्र पाचच पट, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. तान्हं मूल पाळण्यातून खुळखुळा खाली टाकतं, तेव्हापासून आपले डोळे हा नियम शिकत असतात. त्यामुळे प्रतिकृतीतली भिंत अर्ध्या सेकंदात ढासळली की ती पुठ्ठ्याची आहे हे मेंदू लगेच ओळखतो. उपाय एकच, वेळ ताणायचा. सेकंदाला २४ ऐवजी १२० चौकटी टिपायच्या आणि दाखवताना २४ च्याच वेगाने दाखवायच्या. अर्ध्या सेकंदाची पडझड मग अडीच सेकंद चालते, आणि त्या पुठ्ठ्याला एकदम शेकडो टनांचं वजन येतं.

चालण्याचंही तसंच आहे. पाय हा ढोबळमानाने लंबकच. जितका लांब तितका संथ. म्हणून उंदीर तुरुतुरु पळतो आणि हत्ती डुलत येतो. खोळीतले हारुओ नाकाजिमा भूमिकेच्या तयारीसाठी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत उभे राहायचे, ते उगाच नाही.

वेळ ताणायची किंमत मात्र नाकाजिमांनीच मोजली. १२० चौकटी टिपायच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला पाचपटीने कमी उजेड येतो. त्यात भर म्हणजे छोट्या वस्तूचं जवळून चित्रण करताना पुढचं-मागचं सगळं सुस्पष्ट हवं असेल, तर भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं. उजेड आणखी घटतो. म्हणजे दिवे वाढवा. त्या काळच्या दिव्यांचा उजेड कमी आणि ताप जास्त, आणि त्या भट्टीत हा माणूस रबराच्या खोळीत. पहिली खोळ सुमारे १०० किलोची होती. ती घालून धड चालताही येईना. शेवटी ती मधोमध कापून नुसत्या पायांच्या दृश्यांना वापरली आणि दुसरी, जरा हलकी खोळ बनवली.

याच तापाचा उपयोगही करून घेतला. गोजिराच्या श्वासाने वितळणारे विजेचे मनोरे आठवतात? ते मेणाचे होते. दिव्यांची धग आणि गरम हवेचा झोत दिला की आपोआप माना टाकत.

इमारतींची अडचण उलटी होती. गॅलिलिओने १६३८ मध्येच सांगून ठेवलंय की वस्तू मोठी होते तेव्हा तिचं वजन घनाच्या हिशोबाने वाढतं, पण मजबुती काटछेदाच्या, म्हणजे वर्गाच्या हिशोबाने. पंचवीसपट मोठ्या प्राण्याचं वजन १५,६२५ पट होईल, हाडांची ताकद ६२५ पटच. खरा गोजिरा उभं राहताक्षणी स्वतःच्या भाराने मोडून पडला असता. (त्याचं अधिकृत वजन आहे २०,००० टन. उलटा भागाकार करा: दोन मीटरच्या खोळीचं वजन १,२८० किलो भरायला हवं! नाकाजिमांच्या नशिबाने हा हिशोब कुणी मनावर घेतला नाही.) हाच नियम उलट फिरवला की प्रतिकृती गरजेपेक्षा दणकट ठरते. दोन मीटरची इमारत ढकलली तर सबंधच्या सबंध आडवी होते, खऱ्यासारखी चुरा होत नाही. म्हणून ती मुद्दाम अशक्त करावी लागते: पातळ फळ्यांचा सांगाडा, वर प्लास्टर आणि खडूचं मिश्रण. पाडण्यासाठी बांधायची ही विद्या गवंड्याच्या विद्येच्या बरोबर उलट.

पाणी मात्र कुणाचंच ऐकत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो आणि पृष्ठताणाला १:२५ वगैरे कळत नाही. छोट्या जहाजावर उडालेला थेंब पडद्यावर भोपळ्याएवढा दिसतो. विमानातून दिसणाऱ्या अथांग समुद्रासाठी त्सुबुरायांनी पाणीच काढून टाकलं आणि चक्क अगर-अगर वापरलं, म्हणजे आपण पुडिंगात घालतो तो चायना ग्रास. पृष्ठभागावर लाटा गोठलेल्या. हजारो फुटांवरून खरा समुद्र तसाच तर दिसतो.

हे कसब त्यांनी युद्धकाळात कमावलं होतं. १९४२ मध्ये पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या प्रचारपटासाठी त्यांनी सबंध बंदर प्रतिकृतीत उभं केलं. काम बिनतोड, हेतू युद्धखोर. हे दोन्ही एकत्र सांगायला हवं. युद्धानंतर अमेरिकी अंमलाखाली १९४८ मध्ये त्यांना स्टुडिओबाहेर राहावं लागलं, त्यामागे अशाच चित्रपटांचा हात होता. आणि सहाच वर्षांनी त्याच हातांनी त्यांनी तोक्यो जाळलं, तेही अणुबॉम्बच्या भीतीतून जन्मलेल्या प्राण्याकडून. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, तिच्यावरचे सगळे २३ जण आजारी पडले, त्यातला एक सप्टेंबरात मरण पावला. चित्रपट लागला ३ नोव्हेंबरला. त्या प्रेक्षकांना राक्षसाचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला. राक्षसांच्या झुंजीसाठी अनेक कॅमेरे लावले होते. त्यातला एक चुकून मंद वेगावर राहिला, सेकंदाला १८ चौकटी. साहजिकच त्यातले राक्षस पडद्यावर कुत्र्यांसारखे चपळ झोंबताना दिसले. त्सुबुरायांनी ते फेकून दिलं नाही, उलट आवडून चित्रपटात ठेवलं. झुंजीत त्वेष आला हे खरं, पण वजन गेलं. मला विचाराल तर हा सौदा तोट्याचा होता.

१९६३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९६६ मध्ये टीव्ही मालिकेतून 'अल्ट्रामॅन' घरोघरी पोचवला. सहकारी त्यांना 'ओयाजी' म्हणत. आपल्याकडे एखाद्या उस्तादाला कारखान्यातली पोरं 'बाबा' म्हणतील तसं.

त्यांची मला सर्वांत आवडलेली युक्ती मात्र उलटं टांगण्याची. १९६१ च्या एका चित्रपटात अणुस्फोटाचा ढग हवा होता. पाण्याच्या टाकीत वरून रंग सोडला. जड रंग पाण्यात खाली जाताना जसा गोलगोल वळतो, तशीच तापलेली हवा थंड हवेतून वर चढताना वळते. कॅमेरा उलटा केला की झालं. विमानांचंही तेच. छोटी विमानं तारांवर लटकवली की प्रेक्षक वरच्या बाजूला तार शोधतो. त्सुबुराया विमान आणि कॅमेरा दोन्ही उलटे करत. तार विमानाच्या खाली यायची, आणि तिथे कुणी बघत नसे.

२५ जानेवारी १९७० रोजी जपानमधल्या इतो गावी त्यांचं निधन झालं. तेव्हा एका नव्या चित्रपटाची जुळवाजुळव चालू होती. त्यात एकही राक्षस नव्हता. विषय होता जपानचे सुरुवातीचे विमानवेडे.