मधुमेह सल्ला सत्रे : आमची पद्धत आणि तिच्यामागची कारणे

गोड कमी खावे, रोज चालावे, गोळ्या वेळेवर घ्याव्यात, हे आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तोंडपाठ असते. तरीही एचबीए१सी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, अनेकांच्या बाबतीत खाली येत नाही. म्हणून आम्ही पथ्याची यादी देण्याआधी सवय कशी बदलते याचा विचार करतो.

पहिल्या भेटीत आपली तयारी किती आहे, हे विचारले जाते. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये दाखवले की बदल टप्प्याटप्प्याने होतो. ज्यांनी अजून विचारच केलेला नाही, त्यांच्या हाती व्यायामाचे वेळापत्रक देणे व्यर्थ ठरते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पथ्य मोडले तर ते लपवू नये. तेथूनच पुढे सुरुवात करता येते.

आमचा सर्वाधिक भर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या विचारावर आहे. ‘हे मला जमेल’ हा विश्वास उपदेशाने थोडा वाढतो, स्वतः करून पाहिल्याने पुष्कळ. ज्वारीने साखर वाढतच नाही, असा समज आपल्या सोलापुरात घट्ट आहे. प्रत्यक्षात ज्वारीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असल्यामुळे भाकऱ्या किती, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी एके दिवशी नेहमीचे जेवण आणि दुसऱ्या दिवशी एक भाकरी कमी करून मटकीची उसळ व काकडी, असे घेऊन, जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजून वहीत लिहावी. हा आकडा आमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा अधिक पटतो. यंत्रमागावर पाळीत काम करणाऱ्यांना तशाच कामगाराचा अनुभव ऐकता यावा, यासाठी गटसत्रे ठेवली आहेत.

पाय कापावा लागेल, डोळे जातील, अशी भीती दाखवणे आम्ही टाळतो. धोक्याची जाणीव हवीच. पण अडथळा दूर झाला नाही, तर केवळ भीतीने माणूस तपासणीलाच येईनासा होतो, असे आमचे मत आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चालण्याची वेळ सूर्योदयाच्या आसपास ठरवणे हाच खरा सल्ला होय.

सत्राला येताना घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सोबत आणावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या सुरू असल्यास, साखर एकदम उतरण्याचा धोका असल्याने, वरील भाकरीचा प्रयोगही आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. औषधांच्या मात्रेत आम्ही कोणताही बदल सुचवत नाही.