अर्धा इंच की साडेचार सूत? व्यायामाच्या सायकलीच्या पेडलमागची गोष्ट

पेडलच्या दांड्याची दोन मापं चालत आली आहेत. अमेरिकन पद्धतीच्या अखंड क्रँकला (क्रँक म्हणजे पेडल ज्यात बसतं तो फिरणारा दांडा) अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. तीन तुकड्यांच्या क्रँकला ९/१६ इंच, म्हणजे सुमारे १४.३ मिमी, गॅरेजच्या भाषेत साडेचार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन्हींत इंचाला २० आटे, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे. आपली जुनी काळी सायकल साडेचार सुताची, त्यामुळे सायकलवाल्याकडे पेडल मागितलं की तेच हातात पडतं.

घरोघरी हा प्रश्न आला तो २०२० नंतर. मार्चमध्ये बंद झालेल्या जिम राज्यात दसऱ्याला उघडल्या. तोवर घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत कितीतरी बाल्कन्यांत व्यायामाच्या सायकली येऊन बसल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यांत पेडलचे दांडे गंजले, पट्टे तुटले, बेअरिंग करकरू लागले. बदली पेडल आणायला गेल्यावर कळलं की यातल्या बऱ्याच सायकलींना अर्धा इंच लागतो, तर स्पिन बाइकला, म्हणजे जड चाकाच्या जिमछाप सायकलीला, बहुधा साडेचार सूत.

सगळा घोळ ‘युनिव्हर्सल’ या शब्दाने वाढवला. विकणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘नेहमीच्या सायकलींना बसणारं’ एवढाच. घेणारा मात्र ‘आपल्याला बसणारच’ असं समजतो. साडेचार सुताचं पेडल अर्ध्या इंचाच्या भोकात जात नाही, हे निदान लगेच कळतं. उलट झालं तर अर्ध्या इंचाचा दांडा मोठ्या भोकात ढिला राहतो, आट्यांना पकडच मिळत नाही.

यावर वर्कशॉपमध्ये जुना वाद आहे. काहीजण क्रँकचं भोक १३ मिमीच्या आसपास मोठं करून नवा टॅप मारतात, म्हणजे त्यात साडेचार सुताचे आटे पाडतात. बाजारातलं कुठलंही चांगलं पेडल मग बसतं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण डाव्या बाजूला उलटा टॅप लागतो, भोकाभोवतीचं लोखंड पातळ होतं आणि मूळ माप कायमचं जातं. स्वस्त क्रँकवर उभं राहून जोर लावणाऱ्या माणसासाठी मला हा धोका पटत नाही. अ‍ॅडॅप्टर म्हणजे क्रँक आणि पेडल यांच्यामध्ये बसवायचा जोडतुकडा. त्यात कापाकापी नाही, मात्र पाय तेवढा बाहेर सरकतो. गुडघा दुखणाऱ्याला ते लगेच जाणवतं. अर्ध्या इंचाचं साधं, पट्ट्याचं पेडल शोधून आणणं हाच मला बरा मार्ग वाटतो.

बुटाला अडकणारी पेडलं हा वेगळा फाटा. एका फ्रेंच स्की-बाइंडिंग कंपनीने १९८४ मध्ये तीन बोल्टची पद्धत आणली, १९९० मध्ये जपानहून दोन बोल्टची आली. स्पिन बाइकवर दोन्ही दिसतात, आणि एकीचा क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने लावायचा तुकडा, दुसरीत बसत नाही. घरात चप्पल घालून अर्धा तास पाय मारणाऱ्याला त्यांची गरज नाही.

जुनं पेडल काढून दांड्याला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला की माप मिळतं. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावायचं आणि १५ मिमीचा पाना वरून सायकलीच्या तोंडाकडे फिरवायचा. डावं असो वा उजवं, ते त्याच दिशेने आवळतं.