वसईचा तह (१८०२)

दुसरा बाजीराव पेशवा आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात ३१ डिसेंबर १८०२ रोजी उत्तर कोकणातील वसई येथे झालेला तैनाती फौजेचा (कंपनीची फौज आपल्या मुलखात ठेवून तिचा खर्च सोसण्याचा) करार. कागदोपत्री हा परस्परांच्या संरक्षणाचा तह होता. तरी आठ महिन्यांच्या आत त्यातूनच दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले.

नाना फडणीस १८०० मध्ये वारल्यावर दौलतराव शिंदे आणि यशवंतराव होळकर यांच्यातील वैराला आवर घालणारे कोणी पुण्यात उरले नाही. यशवंतरावांचे बंधू विठोजी यांना बाजीरावाने १८०१ मध्ये हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, तेव्हा बाजीराव घाट उतरून महाडला आणि तेथून सुवर्णदुर्गाला गेला. पुढे इंग्रजी जहाजातून तो वसईला पोहोचला. हे ठाणे त्याचेच होते. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये ते पोर्तुगिजांकडून जिंकले, १७८० मध्ये इंग्रजांनी घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते पेशव्यांना परत मिळाले. खाडीपलीकडची साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली होती.

तहावर कंपनीच्या वतीने रेसिडेंट (पेशव्यांच्या दरबारातील कंपनीचे प्रतिनिधी) बॅरी क्लोज यांनी सही केली. ६,००० पायदळ पेशव्याच्या मुलखात कायम ठेवायचे, त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश तोडून द्यायचा आणि इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीयांना चाकरीत ठेवायचे नाही, असे ठरले. शेवटच्या अटीमागे फ्रेंचांची धास्ती होती. शिंद्यांची कवायती फौज पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाती असल्याने गव्हर्नर-जनरल वेलस्ली तिच्याकडे युरोपातील इंग्रज-फ्रेंच झगड्याचाच भाग म्हणून पाहत होता. मात्र खरी मेख वेगळ्याच कलमांत होती. हैदराबादचा निजाम व बडोद्याचे गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मानायचा आणि इतर सत्तांशी बोलणी करण्यापूर्वी त्यांचा सल्ला घ्यायचा, हे बाजीरावाने कबूल केले. पेशवा मराठा सरदारांचा प्रमुख असल्यामुळे ही कबुली त्याच्यापुरती राहणे शक्य नव्हते. ज्यांना विचारलेही नव्हते, त्या शिंदे व नागपूरकर भोसल्यांना तिने बांधल्यासारखे झाले.

मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेने बाजीरावाला पुन्हा गादीवर बसविले. शिंदे आणि नागपूरकर भोसले निजामाच्या सरहद्दीजवळ एकत्र आले. निजामही तैनाती फौजेच्या कराराने इंग्रजांचा मित्र असल्याने त्यांचा तळ हीच इंग्रजांच्या दृष्टीने आगळीक ठरली. भोसल्यांची भेट झाल्यावर तह की लढाई ते सांगू, असे शिंद्यांनी इंग्रज वकिलाला कळविले; तळ हलवा, ही इंग्रजांची मागणी कायम राहिली. दोन्ही बाजू स्वतःच्या हालचालींना बचावाच्या म्हणत होत्या, आणि ऑगस्टमध्ये अहमदनगरच्या किल्ल्यावर तोफा सुटल्या. असई, लासवारी, अडगाव येथील पराभवांनंतर डिसेंबरमध्ये भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला तह केले. ज्यांच्या स्वारीमुळे बाजीराव कोकणात उतरला, ते होळकर या काळात अलिप्त राहिले. त्यांच्याशी इंग्रजांचे युद्ध १८०४ मध्ये जुंपले.

लंडनमध्ये कंपनीच्या कारभारावरील नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष कॅसलरे याने, या तहामुळे इंग्रज मराठ्यांच्या न संपणाऱ्या भांडणांत ओढले जातील, असा आक्षेप घेतला. वेलस्लीने अखेरपर्यंत या कराराला संरक्षक तहच म्हटले.