एका चिऱ्याची वंशावळ : रोगप्रतिकारक पेशींवरील प्रथिनांची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यावर फुरसे दगडाखाली असते आणि भातकापणीच्या किंवा गवत काढण्याच्या दिवसांत ते कोणाच्या ना कोणाच्या हाताला डसते. अशा रुग्णाला आरोग्य केंद्रात जी सर्पदंशावरची लस टोचतात, ती खरे तर लस नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषाविरुद्ध घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचे, म्हणजे परक्या पदार्थाला चिकटणाऱ्या प्रथिनांचे (अँटिबॉडी), ते तुकडे असतात. कुपीतली पांढरी भुकटी निर्जंतुक पाण्यात विरघळवताना परिचारिका कुपी जोराने हलवत नाही, तळहातावर हळूहळू फिरवते, कारण जोराने हलवल्यास प्रथिनाला फेस येतो. रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची कथा याच भुकटीतल्या रेणूपासून सुरू झाली. मात्र हा रेणू माणसाला सर्वांत आधी कळला असला, तरी उत्क्रांतीच्या ओघात तो फार उशिरा घडला. शोधाचा क्रम आणि घडणीचा क्रम असे एकमेकांच्या उलट चालले, ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज या प्रथिनांची नातीगोती उलगडत नाहीत.

प्रतिपिंडाची रचना कळली ती त्याचे तुकडे केल्यामुळे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश जैवरसायनशास्त्रज्ञ रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या प्रतिपिंडांवर पपईच्या चिकातील पपेन या विकराचा प्रयोग केला, तेव्हा प्रत्येक रेणूचे तीन भाग झाले. दोन भाग परक्या पदार्थाला धरून ठेवत होते आणि तिसरा धरत नव्हता. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेराल्ड एडेलमन यांनी हा रेणू जड आणि हलक्या साखळ्यांचा बनलेला असल्याचे दाखवले, आणि 1969 मध्ये त्यांच्या गटाने एका संपूर्ण प्रतिपिंडातील अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिन ज्यांच्या साखळीने बनते त्या घटकांचा, क्रम प्रसिद्ध केला. या दोघांना 1972 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या लांबलचक क्रमातली लक्षात राहण्याजोगी गोष्ट म्हणजे सुमारे 110 अमिनो आम्लांचा एकच नमुना त्यात थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत होता. एका लहानशा मूळ जनुकाच्या नकला होत होत हा रेणू वाढला असावा, असे अनुमान त्यावरून निघाले.

कोकणी माणसाला ही रचना समजायला जांभ्याचा चिरा आठवला तरी पुरे. खाणीतून एकाच मापाने निघालेल्या चिऱ्याने घराची भिंत उभी राहते, विहीर बांधली जाते, तुळशीवृंदावनही होते. माप तेच राहते, बांधकाम बदलते. प्रथिनातल्या या चिऱ्याला शास्त्रज्ञ इम्युनोग्लोब्युलिन डोमेन म्हणतात. त्यात अमिनो आम्लांच्या साखळीच्या सरळ पट्ट्या शेजारी शेजारी बसून दोन चादरी तयार होतात, त्या एकमेकींवर टेकतात आणि सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या जोडीतला गंधकाचा बंध त्यांना आतून शिवल्यासारखा धरून ठेवतो. पट्ट्यांना जोडणारे वळसे टोकाशी बाहेर डोकावतात, आणि प्रतिपिंडाची पकड मुख्यतः याच वळशांत असते. वळसे बदलले तरी गाभा ढळत नाही, म्हणूनच या एका घडीतून इतकी विविधता निघू शकली.

हा चिरा फक्त प्रतिपिंडाचा आहे, ही समजूत 1972-73 च्या सुमारास ढासळू लागली. मूत्रपिंडाच्या विकारात लघवीतून जाणारे, 1968 मध्ये नोंदवले गेलेले बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे छोटे प्रथिन क्रमाने पाहू जाता प्रतिपिंडाच्या एका डोमेनसारखेच निघाले. पुढे कळले की हे प्रथिन शरीरातील बहुतेक सर्व पेशींवर असलेल्या, अवयवरोपणात आपले-परके ठरवणाऱ्या एचएलए रेणूंचा जोडीदार आहे.

त्यानंतरचा टप्पा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. ऑक्सफर्डचे अ‍ॅलन विल्यम्स उंदराच्या थायमस ग्रंथीतील पेशींवर विपुल असलेल्या थाय-1 या प्रथिनाचा अभ्यास करत होते, आणि हे प्रथिन मेंदूतही तितकेच विपुल होते. प्रतिकाराशी मेंदूच्या पेशींचा असा कोणता संबंध, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. 1982 मध्ये विल्यम्स आणि त्यांचे सहकारी यांनी मेंदूतील थाय-1 चा क्रम प्रसिद्ध केला, तो जवळजवळ एका इम्युनोग्लोब्युलिन डोमेनएवढाच होता. पेशीपटलात मेदाच्या नांगराने रोवलेला एकच चिरा, बाकी काही नाही. यावरून त्यांनी मांडलेला विचार धाडसी होता : हा चिरा मुळात पेशीने पेशीला ओळखण्यासाठी आणि धरण्यासाठी घडला असावा, आणि रोगजंतूंशी लढण्याचे काम त्याला नंतर मिळाले असावे. 1987 मध्ये चेतापेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या एन-कॅम या प्रथिनात असे पाच चिरे एकावर एक रचलेले सापडले, आणि तो शोध लावणाऱ्या गटाचे प्रमुख होते प्रतिपिंडाचा क्रम उलगडणारे एडेलमनच. 1988 मध्ये विल्यम्स आणि नील बार्कले यांनी या विस्तारलेल्या गोतावळ्याचा जो आढावा घेतला, त्याने इम्युनोग्लोब्युलिन महाकुल ही संज्ञा रूढ केली.

दरम्यान टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशीच्या ग्राहीची, म्हणजे परके ओळखणाऱ्या तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनाची, जनुके 1984 मध्ये हाती आली होती, आणि सीडी4, सीडी8, सीडी2, सीडी28 अशी नावे असलेली प्रथिने याच कुळात जमा होत गेली. सीडी हा क्रमांक 1982 च्या पॅरिसमधील कार्यशाळेपासून दिला जातो. तो नात्यावरून मिळत नाही, कोणते प्रतिपिंड त्या प्रथिनाला चिकटते यावरून मिळतो, त्यामुळे शेजारचे क्रमांक म्हणजे भावंडे असे समजू नये. 2001 मध्ये मानवी जनुकसंचाचा मसुदा आला, तेव्हा त्यात हा डोमेन असलेली साडेसातशेहून अधिक जनुके मोजली गेली.

नाते ठरवताना सावधगिरी मात्र हवीच. कोट्यवधी वर्षांत अमिनो आम्लांचा क्रम इतका झिजतो की दोन डोमेनांत जेमतेम पाव भाग जुळतो, तरी घडी शाबूत राहते. म्हणून क्ष-किरणांनी मिळालेली आकृती क्रमापेक्षा दूरचे नातेवाईक अधिक खात्रीने दाखवते. उलट, काम सारखे म्हणून कूळ एकच, असे मानता येत नाही. रोगट पेशींना मारणाऱ्या माणसाच्या नैसर्गिक मारक पेशी एचएलए तपासतात त्या इम्युनोग्लोब्युलिन कुळातील ग्राहींनी, तर उंदराच्या त्याच पेशी तेच काम लेक्टिन (शर्करेला चिकटणारी प्रथिने) यांच्यासारख्या, अगदी वेगळ्या घडीच्या ग्राहींनी करतात. जबडा नसलेल्या लॅम्प्रे माशांत तर 2004 मध्ये ल्युसीन या अमिनो आम्लाच्या आवर्तनांनी बनलेले, प्रतिपिंडाचे काम करणारे पूर्णपणे निराळे रेणू सापडले.

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर मोरी (लहान शार्क), पाकट (चपटा रे मासा) आणि कोळंबी शेजारच्याच टोपल्यांत असतात, आणि या इतिहासातली एक मोठी सीमारेषा त्या टोपल्यांमधून जाते. मोरी आणि पाकट यांच्या रक्तात खरेखुरे प्रतिपिंड असतात. आपला आणि त्यांचा समाईक पूर्वज सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. कोळंबीत प्रतिपिंड नाहीत, म्हणूनच खाडीकाठच्या तलावांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला, की माशांना देतात तशी लस तिथे कामी येत नाही. चिरा मात्र कोळंबीतही आहे. कीटक आणि कवचधारी जीवांत डीस्कॅम नावाचे प्रथिन असते, त्यात दहा इम्युनोग्लोब्युलिन डोमेन असतात, आणि फळमाशीत एकाच जनुकाचे तुकडे निरनिराळे जोडून त्याची 38,016 रूपे संभवतात. स्पंजांतही या घडीची प्रथिने आढळतात.

मग कोळंबीकडे नसलेले आणि मोरीकडे असलेले नेमके काय? जनुकांचे तुकडे पेशीतच कापून नव्याने जोडण्याची हातोटी. हे कापण्याचे काम रॅग ही प्रथिनांची जोडी करते, आणि 1998 मध्ये प्रयोगशाळेत असे दिसले, की ती उड्या मारणाऱ्या, म्हणजे जनुकसंचात जागा बदलणाऱ्या, जनुकासारखीही वागू शकते. 2016 मध्ये वाळूत अर्धे पुरून राहणाऱ्या अ‍ॅम्फिऑक्सस या कणाहीन सागरी जीवात तिचा पूर्वज असलेले उडते जनुक सापडले. चिरा आधीपासून होताच, छिन्नी बाहेरून आली. प्राचीन माशांत असे उडते जनुक इम्युनोग्लोब्युलिन कुळातल्या एका जनुकात घुसले आणि तिथेच राहिले, असे आज मानले जाते.

मोरीचे मटण करणारी बाई मासा ताजा असतानाच साफ करून धुते, कारण मोरीच्या रक्तामांसात युरिया भरपूर असतो आणि मासा ठेवला की त्याचा अमोनियाचा उग्र वास सुटतो. युरिया पुष्कळ झाला की बहुतेक प्रथिनांची घडी उसवते. 1995 मध्ये नर्स शार्कमध्ये सापडलेला, हलकी साखळी मुळीच नसलेला प्रतिपिंड अशा खाऱ्या, युरियायुक्त रक्तातच फिरतो, आणि परक्या पदार्थाला धरणारे त्याचे टोक म्हणजे एकच, एकटा चिरा आहे.