प्लास्टिककचरा घटवण्यासाठी कथाकथन (खानदेश)

प्लास्टिकचा वापर आणि त्यातून होणारा कचरा कमी करण्याची सवय मुलांना व तरुणांना लागावी, म्हणून गोष्ट, गीत, नाट्य किंवा वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांचा जाणीवपूर्वक उपयोग करण्याची ही लोकशिक्षणाची पद्धत आहे. मुख्यतः जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत पसरलेल्या खानदेशात या पद्धतीला अनुकूल भूमी लाभली आहे, कारण अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली, पावरी अशा बोलींमध्ये सांगण्या-ऐकण्याची परंपरा अजून जिती आहे आणि प्लास्टिक घरात येण्यापूर्वीचे दिवस पाहिलेली पिढीही अजून ओट्यावर बसलेली दिसते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली व त्याच वर्षी २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यासाठी ५,००० रुपये दंड ठेवण्यात आला. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ यांसारख्या एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून हातपिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) करण्यात आली. दंडाच्या भीतीने दुकानदार काही काळ सावध होतो. पण पिशवी मागणारा हात सवयीने पुढे येतो, आणि ती सवय मोडणे हे कथाकथनाचे क्षेत्र आहे.

गोष्ट ऐकताना श्रोता तिच्यात गुंगून जातो आणि मनातल्या मनात प्रतिवाद करणे थांबवतो. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले, की कथेत जितके अधिक रमावे तितक्या वाचकाच्या धारणा कथेशी जुळत जातात. मात्र भीतीवर आधारलेल्या संदेशाची मर्यादाही अभ्यासकांनी नोंदवली आहे : संकट मोठे दाखवले आणि त्यावर आपल्या हातून होण्याजोगा उपाय दाखवला नाही, तर ऐकणारा विषयाकडेच पाठ फिरवतो. समुद्रातील कासवाची गोष्ट तापीकाठच्या मुलाला हळहळायला लावते, पण ती त्याच्या दप्तरातल्या खाऊच्या प्लास्टिक पाकिटापर्यंत पोहोचत नाही. गावातल्या गाईची गोष्ट पोहोचते. उष्ट्या अन्नासह फेकलेली पिशवी गाय गिळते. ती पिशवी पचत नाही, सहसा शेणावाटे बाहेरही पडत नाही, आणि पोटाच्या पहिल्या कप्प्यात साचत गेल्याने चारा खायला जागा उरत नाही. पोळ्याच्या दिवशी ज्या मुलाने बैलाच्या शिंगांना रंग लावला आहे, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तिच्या शेवटी उष्टे वेगळ्या भांड्यात टाकण्याची एकच कृती जोडली, तर ती त्याच्या हातून होण्याजोगी असते.

या पद्धतीतील सर्वांत समृद्ध प्रकार म्हणजे आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आठवणी मुलांनी आपल्या शब्दांत पुन्हा सांगणे. बाजाराला कापडी पिशवी कशी नेत, लग्नाच्या पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळी कशा लावत, हिवाळ्यात शेतात भरीत रांधले की ते केळीच्या पानावर कळण्याच्या (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या) भाकरीसोबत कसे वाढत, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाण्याने भरलेली नवी घागर कशी पुजत, हे प्रश्न विचारायला मुलाला पुस्तक लागत नाही. भरिताची पार्टी आजही होते, परंतु केळीच्या या मुलखातही पानाची जागा अनेक ठिकाणी थर्माकोल व प्लास्टिकचा लेप दिलेल्या ताटल्यांनी घेतली आहे. ही विसंगती मुलाने स्वतः शोधून काढली, तर तिचा ठसा कोणत्याही फलकापेक्षा खोल उमटतो. आठवण बोलीतच सांगू द्यावी. प्रमाण मराठीत आणताना आजीचा आवाज हरवतो.

सादरीकरणाची रूपेही येथे तयार आहेत. वही गायन या खानदेशी परंपरेत देवतांच्या कथा गायल्या जातात आणि लोकजागृतीचे विषयही त्यात सामावले गेले आहेत. श्रावणातील कानबाईच्या उत्सवात रात्र जागवून दुसऱ्या दिवशी देवीला नदीवर निरोप दिला जातो; त्या वाटेवर सजावटीतले काय नदीत जाते आणि काय घरी परत आणता येते, हा तरुण मंडळींनी मांडण्याजोगा कथाविषय आहे. श्रद्धेला दुखावण्याचे येथे कारण नाही, कारण नदी हीच त्या कथेची नायिका असते.

शालेय कथांमध्ये जवळजवळ नेहमी सुटणारा भाग शेतातल्या प्लास्टिकचा आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खानदेशात ही उणीव गंभीर आहे. केळीच्या घडांवर चढवायच्या संरक्षक स्कर्टिंग बॅगा, ठिबकच्या नळ्या आणि पिकाभोवतीची माती झाकणारा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर यांनी पाणी वाचवले व मालाची प्रत सुधारली, त्यामुळे त्यांना खलनायक ठरवणारी गोष्ट खोटी ठरेल. जुन्या नळ्या भंगारवाला विकत घेतो व त्यांचा पुनर्वापर होतो. पातळ मल्चिंग पेपर मात्र फाटून मातीत मिसळतो, मातीने माखल्याने पुनर्वापराला निरुपयोगी होतो आणि बांधावर जाळला तर विषारी धूर देतो. शेतकऱ्याच्या मुलाने ही गुंतागुंत जशीच्या तशी सांगितली, तर बापाशी भांडण न होता बोलणे सुरू होते.

सांगणाऱ्याचे आचरण हा या पद्धतीचा कणा आहे. गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिकवणारे साने गुरुजी वसतिगृहातील मुलांना गोष्टी सांगत आणि त्यांच्या खोल्या स्वतः झाडत. याउलट पर्यावरणाच्या गोष्टींनंतर प्लास्टिकच्या बाटल्या वाटल्या, तर मुले बाटलीच लक्षात ठेवतात. पर्याय हाताशी नसतानाही गोष्ट निष्फळ होते : मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात माठ किंवा पाणपोई जवळ नसेल, तर तहानलेला विद्यार्थी पाण्याचे पाऊच घेणारच.

परिणाम तपासण्याची साधी रीत म्हणजे मोजणी. गोष्टीपूर्वी आणि त्यानंतर दर आठवड्याला शाळेच्या कुंपणाला अडकलेली रिकामी पाकिटे मुलांनीच मोजून फळ्यावर आकडा लिहायचा, आणि तो वाढला असेल तर का वाढला, याची गोष्ट पुढच्या शनिवारी त्यांनीच सांगायची.