मूलपेशी किडनीपर्यंत पोहोचतात तरी का?

'डायलिसिस टाळा, स्टेम सेलने किडनी नवी करा' अशी पत्रकं हल्ली लोकलच्या डब्यात चिकटवलेली दिसतात. घरात कुणाचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारा टाकाऊ घटक) दर तपासणीला वर सरकत असेल, तर नजर तिथे अडकणारच. पण किडनी 'नवी' होत नाही. प्रत्येक किडनीत साधारण 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. ते आईच्या पोटातच तयार होतात आणि एकदा गेले की गेले. मूलपेशी (म्हणजेच स्टेम सेल) टोचून माणसात नवे नेफ्रॉन बनल्याचा पुरावा आजवर नाही.

मग संशोधक त्या देतात कशाला? मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेसेन्कायमल नावाच्या मूलपेशी शिरेतून देतात. शिरेतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूने आधी फुप्फुसात जातं. तिथल्या केशवाहिन्यांचा व्यास 10 मायक्रॉनच्या आत, आणि वाढवलेली पेशी 15 ते 30 मायक्रॉनची. बहुतेक पेशी तिथेच अडकतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्या एक-दोन दिवसांत मरताना दिसतात. मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या भक्षक संरक्षक पेशी, त्यांना गिळतात आणि गिळल्यावर स्वतःच बदलतात. दाह भडकवायचं सोडून इंटरल्युकिन-10 सारखी, दाह शमवणारी प्रथिनं स्रवू लागतात. मूलपेशींनी मरण्याआधी सोडलेल्या, आरएनए (पेशींना सूचना देणारे रेणू) भरलेल्या सूक्ष्म पिशव्याही रक्तातून फिरतात. किडनीपर्यंत पोहोचलाच तर मुख्यतः हा रासायनिक निरोप पोहोचतो.

म्हणून पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचे प्रश्न वेगळे असतात. गुठळी होते का? ताप, ॲलर्जी? दात्याच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनतात का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा, कारण पुढे प्रत्यारोपणाची वेळ आली तर याच अँटीबॉडींमुळे जुळणारी किडनी मिळणं कठीण होतं. 2016 साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या 30 जणांपैकी काहींना 15 कोटी, काहींना 30 कोटी पेशी एकदाच दिल्या, बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं नकली इंजेक्शन. रुग्णांना पेशी सोसल्या. किडनीचं काम सुधारल्याचं मात्र सिद्ध झालं नाही, आणि इतक्या कमी लोकांत ते होणारही नव्हतं. 'सुरक्षित' या निष्कर्षाचा अर्थ एवढाच. जाहिरातवाले तिथे 'गुणकारी' वाचायला लावतात, याचा मला राग येतो.

चाचणीविना काय होतं तेही नोंदलेलं आहे. थायलंडमधल्या एका खासगी दवाखान्यात ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) रुग्ण महिलेच्या किडनीतच मूलपेशी टोचल्या, आणि तिथे रक्तवाहिन्यांच्या गाठी उगवल्या. हे प्रकरण 2010 साली प्रसिद्ध झालं.

आपल्याकडे अशी चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदवावी लागते आणि तिच्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. परळला असो वा अंधेरीला, कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं तर आधी नोंदणी क्रमांक मागा आणि तो आपल्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीतज्ज्ञाला, दाखवा.